बांगडीवाल्या चाचांचा सत्कार

आमच्या भवानी पेठेत घरोघरी बांगड्या भरायला येणाऱ्या चाचांचा उजवा हात ज्यांनी मोडला, त्यांनीच पुढच्या आठवड्यात त्यांचा सत्कार केला. थट्टा नाही करत बाई मी. व्हिडिओ आहे माझ्या मोबाइलवर, अन् पाठवणारी माझी सख्खी जाऊ.

हात का मोडला? तर म्हणे, आमच्या बायकांचे हात धरतो. अरे मेल्यांनो, हात न धरता बांगडी भरून दाखवा की! माझ्या लग्नाचा चुडा चाचांनीच भरला, आई शेजारी बसून होती. आमच्या पेठेतल्या दादांच्या संघटनेच्या पोरांनी मारतानाचं शूटिंग मोठ्या फुशारकीनं टाकलं, पण गाव उलटंच भडकलं. चाचांनी पोलिसात तक्रार दिली. संघटनेची छी थू व्हायला लागली.

मी चाचांना बघायला गेले होते, तेव्हाच त्यांच्या दारात आली पोरं, इस्त्रीचे कुर्ते घालून. कॅमेरा, खुर्ची, चादर, नारळ, सगळं घेऊन. मी म्हटलं, "चाचा, उठा, आत चला."

"नारियल लेके दरवाजेपे आये बेटी, वापस कैसा भेजना?"

इथंच जन्मलेला माणूस. दारात आलेला मान आमच्यात कुणी परत धाडत नाही, वैऱ्याचा का असेना. नारळ घ्यायचा, कपाळाला लावायचा. चाचांनी डाव्या हातानं घेतला अन् लावला.

तेवढंच हवं होतं त्या हलकटांना. प्लास्टर दिसू नये म्हणून एकानं सत्काराची चादर खांद्यावरून हातावर खस्सकन ओढली. चाचा कळवळले. कॅमेरावाला म्हणतो, "चाचा, जरा हसा की!" हसले बिचारे.

व्हिडिओला मागं बासरी लावली अन् वर लिहिलं, सगळ्या समाजाला सोबत घेणारे आमचे दादा. करून करून भागले अन् देवपूजेला लागले! जाऊबाई म्हणाल्या, किती संस्कारी पोरं गं. माझं डोकंच फिरलं.

पोलीस स्टेशनात बोलावलं, तेव्हा मी चाचांसोबत गेले. साहेबांनी तोच व्हिडिओ आमच्यापुढं धरला. "यांनी मारलं म्हणता, अन् यांचाच नारळ कपाळाला लावता? नक्की काय ते ठरवा." मी तोंड उघडलं तर मला म्हणाले, "तुम्ही कोण यांच्या?"

तक्रार मागं घेतली. हात वाकडाच बसला. त्या हातानं आता बांगडी भरता येत नाही.

पुढं त्याच पोरांनी मंद्रूपच्या बाजारात एका भाजीवाल्याला झोडपलं. त्याची बायको तक्रारीला निघाली, तेव्हा तिची समजूत घालायला त्यांनी चाचांनाच गाडीत घालून नेलं. मी विचारलं, गेलात कशाला? म्हणाले, "गाडी लेके दरवाजेपे आये थे बेटी." त्याचाही व्हिडिओ निघाला. त्यात ती पदरानं डोळे पुसतेय अन् चाचा सांगतायत, "तक्रार नक्को करो बेटी. अच्छे बच्चे हैं."

तिनं केली नाही.