बाप्तिस्म्याच्या हौदातले पाणी

पुण्याहून निघताना ज्याने त्याने मला एकच सल्ला दिला : पाणी बरोबर ने. आक्का, माझी थोरली बहीण, जाऊन आठ महिने झाले होते आणि मी अजून तिच्या कबरीवर गेलो नव्हतो, याची आठवण कुणी काढली नाही. मला प्यायला कमी पडेल याची मात्र सगळ्यांना काळजी. मी दोन बाटल्या पिशवीत टाकल्या आणि शिवाजीनगरहून सकाळची एसटी धरली. मराठवाड्यातला तो लागोपाठ दुसरा दुष्काळ होता. मी निघालो होतो त्या शहराला तेव्हा अजून औरंगाबादच म्हणत.

नगर मागे पडले आणि खिडकीबाहेरचा रंग उडाला. अधूनमधून कालव्याकडेला उसाचा हिरवागार पट्टा येई आणि बांधापलीकडे लगेच भेगाळलेले रान. कायगाव टोक्याच्या पुलावर शेजारच्या गृहस्थांनी मला हलवले.

"गोदावरी आली," ते म्हणाले.

मी खाली पाहिले. पाणी नव्हते. नदीच्या पोटात जनावरांसाठी मका उभा होता.

"गाळपेर हाय ती." (धरण आटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी.) "लई पिकतं त्यात."

"आणि धरण भरले की?"

"भरू द्या ना मंग. कोण नको म्हणतंय?"

वाळूजपासून शहर सुरू होते, म्हणजे फलक सुरू होतात. एका फलकावर निळाशार पोहण्याचा तलाव आणि त्यात हसणारे कुटुंब होते. त्याच फलकाच्या सावलीत रिकाम्या टँकरांची रांग उभी होती आणि ड्रायव्हर टँकरखाली गोणपाट अंथरून झोपले होते. शहर वाढते आहे, असे सगळे मोठ्या अभिमानाने सांगतात. काय पिऊन वाढते आहे, ते कुणी सांगत नाही.

स्टँडवरून पुंडलिकनगरला रिक्षा केली. चालकाने माझ्या हातातल्या बाटल्या आरशातून बघितल्या.

"पानी लेके आए साब? अच्छा किए. हमारे नल में तो हवा आती. वो बी आठ दिन में एक बार."

दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, दारातच उभे होते. "सलाम," ते म्हणाले. (आमच्या ख्रिस्ती मंडळीत भेटल्यावर हेच म्हणतात.) स्वयंपाक त्यांनीच केला होता : ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, तिकडची खास). आमटीत मीठ जास्त होते. ती आम्ही दोघांनीही संपवली. जेवण झाल्यावर त्यांनी माझे ताट वाटीभर पाण्यात विसळले, तेच पाणी स्वतःच्या ताटात ओतले आणि तिथून ते कढीपत्त्याच्या कुंडीत गेले. ही सगळी आक्काची शिस्त.

उन्हे कलल्यावर आम्ही चर्चकडे चालत गेलो. हे चर्च बांधले तेव्हा भोवती ज्वारीची शेते होती म्हणे. आता तिन्ही बाजूंनी फ्लॅट आहेत. त्यांच्या बोअरने चर्चची विहीर कधीच कोरडी पाडली. मागच्या बाजूला दफनभूमी आहे. तिच्यात झाडे आहेत म्हणून बिल्डरने त्या अंगाच्या सदनिका 'गार्डन व्ह्यू' म्हणून विकल्या. आमचे मृत कुणाच्या तरी बाल्कनीची शोभा झाले, हे त्यांना ठाऊक नाही, नाहीतर ते उठून बसले असते.

ही झाडे आक्काने लावलेली. ज्या घराला कबरीवर दगड बसवणे झेपत नसे, तिथे ती माणसाच्या उशाशी एक रोप लावी. कुणाला कडुनिंब, कुणाला करंज. झाड हीच त्या माणसाची खूण. स्वतःसाठीही तिने दगड नको म्हणून सांगून ठेवले होते. तिच्या उशाला दाजींनी करंज लावला होता. मी पाहिला तेव्हा त्याला चार पाने होती आणि चारही कडेने करपलेली.

मरियाबाई तिथे पाला झाडत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, लुगडे खोचलेल्या, आक्काच्या जन्माच्या मैत्रीण.

"आलास व्हय रे सुधाकर? लवकर आलास. अजून दोन मैन्यानं आला असतास तर वाळवंटच बघितलं असतंस."

"पाणी घालत नाही का कुणी?"

"कुठलं पाणी? हौदाचं घालत होतो आमी दोघी. ते आता गटारीत जातंय."

हे वाचकांना समजावून सांगायला हवे. आमच्या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे कपाळावर चार थेंब नव्हे. माणसाला पुरते पाण्यात बुडवून वर काढतात. त्यासाठी चर्चमध्ये, व्यासपीठाच्या फळ्यांखाली, कमरेइतका खोल हौद आहे. बाप्तिस्मा असला की फळ्या उचलतात आणि टँकर बोलावून हौद भरतात. आक्का पंचांमध्ये (मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांत) होती तोवर उपासनेनंतर ती आणि मरियाबाई बादल्यांनी हौद उपसून एकेका झाडाला पाणी घालत आणि मगच फळ्या बसत. ती गेली आणि पंचांना फळ्यांची घाई झाली. शेवटच्या गीतालाच शिपाई बूच काढू लागला. तळाच्या भोकातून पाणी रस्त्याकडच्या गटारात जाते. दुष्काळात विकत आणलेले, तेही देवाच्या नावाने.

उद्या रविवारी पुन्हा बाप्तिस्मा होता. आणि उद्याच पर्यावरण रविवारही होता.

मंडळीचे सेक्रेटरी आम्हाला चर्चच्या दारातच भेटले. शिडीवर एक माणूस चढवून ते फलक सरळ करून घेत होते. फलकावर हिरवी पृथ्वी, तिला धरलेले दोन गोरे हात, आणि खाली 'थेंब थेंब वाचवू या'. मी त्यांना एवढेच म्हटले की उद्या हौद रिकामा करायला तासभर थांबा, पाणी झाडांना जाऊ द्या.

"अहो सर, कसं जमेल? बाप्तिस्मा झाल्या झाल्या फळ्या टाकायच्या, त्यावर पाहुण्यांच्या खुर्च्या. मग भाषण. पत्रिका छापून झाली."

"कशावर भाषण आहे?"

"जलसंवर्धन," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही शंका उमटली नाही.

जवळ उभ्या असलेल्या एका पंचांना वेगळीच अडचण दिसली. "ज्या पाण्यात लोकांची पापं धुतली, तेच मेलेल्यांच्या उशाला घालायचं? बरं दिसतं का ते?" गटारात सोडलेले मात्र त्यांना बरे दिसत होते. पाळकसाहेबांनी (आमच्या धर्मगुरूंनी) डोळे मिटून, यावर प्रार्थनापूर्वक विचार करू, असे सांगितले. आमच्याकडे एखादी गोष्ट करायची नसली की ती प्रार्थनेत ठेवतात.

घरी परतताना दाजी म्हणाले, "त्या करंजाला आता पाणी नाही मिळालं तर तो जायचा. मग तिची जागा कुठली, ते मला तरी किती दिवस ध्यानात राहील?"

रविवारी सकाळी पांढऱ्या कपड्यांतले तिघे जण एकामागून एक हौदात उतरले आणि भिजून, थोडे गुदमरून, वर आले. पायरीवर टॉवेल घेऊन उभे राहण्याचे काम मरियाबाईंकडे होते. ते त्या चाळीस वर्षे करत आल्या आहेत. तिसरा माणूस वर आला. शेवटचे गीत सुरू झाले. शिपायाने पँट दुमडली. तेवढ्यात मरियाबाईंनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि लुगड्यासकट चार पायऱ्या उतरून हौदाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. बूच त्यांच्या टाचेखाली होते.

गीताचे दुसरे कडवे विरघळत गेले. सेक्रेटरी वाकून दबक्या आवाजात म्हणाले, "मरियाबाई, वर या. पाहुण्यांना बसायचंय."

"बसू द्या की. मी काय त्यांच्या मांडीवर बसले का?"

"अहो, तुमचा बाप्तिस्मा कधीच झालाय."

"माझा झालाय. तुमचाच नीट झाला नाय वाटतं. कोरडेच ऱ्हायलात."

मागे बायका फिसकन हसल्या. पाळकसाहेब म्हणाले, "आजी, मंडळीची शिस्त असते."

"शिस्त मला ठाव हाय, पाळकसाहेब. हिथं बादल्या आणा. हौद रिकामा झाला की मी आपोआप वर येते. मला तरी गार पाण्यात उभं ऱ्हायची हौस हाय का?"

सत्तरीच्या बाईला हात धरून ओढायला कुणी धजेना. पहिल्या बाकावरून दाजी उठले. त्यांनी बूट काढले, बाकाखाली नीट जोडून ठेवले, बाहेर गेले आणि दोन बादल्या घेऊन आले. मग महिला मंडळाच्या चौघी उठल्या. मग बाप्तिस्मा झालेले तिघेही, ओल्या कपड्यांनी. मी तिसऱ्या ओळीत होतो. सृष्टीची निगा हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य कसे, यावर मी मंडळीच्या मासिकात कितीतरी वर्षे लेख लिहिले आहेत. आक्का ते सगळे वाची. त्यांवर तिने एकदाच पत्र पाठवले होते : लेख चांगला आहे, तू कधी येतोस, इथे एक बादली रिकामी आहे. मी गेलो नव्हतो. ते आठवून मी उठलो, पण दाजी तोवर तीन खेपा करून आले होते.

पाहुण्यांनीही एक बादली धरली. फोटो झाल्यावर ती खाली ठेवली.

दफनभूमीत मरियाबाई, निथळत, आमच्यापुढे चालत होत्या आणि कुठे किती ओतायचे ते सांगत होत्या. "ही सालोमी, हिला दोन घाल. हा दानिएल, ह्याला एकच, ह्याची मुळं खोल गेलीत. दानिएल जिता होता तवाबी कुणाकडं काय मागायचा नाय." एक कडुनिंब पार वाळला होता. मी त्याला ओलांडून पुढे जाऊ लागलो, तर त्यांनी थांबवले.

"त्याला बी घाल."

"हा तर मेला आहे."

"खालचा बी मेलाच हाय. म्हणून काय वळख सोडायची?"

आक्काच्या करंजाला दाजींनी स्वतः पाणी घातले. बादली न उचलता, तांब्याने, थांबून थांबून, माती पिईल तसे.

मग फळ्या बसल्या, खुर्च्या आल्या आणि जलसंवर्धनावर पाऊण तास भाषण झाले. पाहुण्यांच्या हस्ते फाटकाजवळ एक शोभेचा पाम लावला गेला आणि त्याला बाटलीबंद पाणी घातले. दुपारी थर्माकोलच्या ताटांतून नान-खलिया (औरंगाबादची खास रोटी आणि मटणाचा रस्सा) जेवलो. खलिया उत्तम होता, हे सांगितलेच पाहिजे. ताटे संध्याकाळी वाऱ्याने दफनभूमीत उडून आली आणि मरियाबाईंनी गोळा केली.

सोमवारी मी परतलो. येताना खिडकीबाहेर तेच रान होते, तेच फलक होते. जे लोक देवाने माणसाला बागेत ठेवले असे दर रविवारी सांगतात, त्यांना ती बाग सांभाळायला फळ्या तासभर उशिरा टाकाव्या लागतात आणि तेवढेही जड जाते, याचे हसू येत होते. त्या हसण्यातून मी स्वतःला वगळू शकत नव्हतो, एवढेच.

महिन्याभराने दाजींचा फोन आला. पंचांची सभा झाली होती. झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त झाला आणि एकमताने ठराव झाला की हौदाचे बूच काढून टाकावे आणि बाहेरून उघडता येईल असा वॉल (पाण्याची झडप) बसवावा, म्हणजे आत कुणी उभे राहिले तरी कार्यक्रमाला उशीर होणार नाही. काम अर्थातच दाजींना दिले. ते वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षे फिटर होते आणि मंडळीचे नळकाम नेहमी तेच करतात.

"मग बसवला तुम्ही?" मी विचारले. माझा आवाज चढला असावा.

"बसवला ना. पंचांनी सांगितलं म्हटल्यावर," दाजी म्हणाले. "फक्त पाइप रस्त्याकडं नाही काढला. मागच्या भिंतीतून काढला. परवा बाप्तिस्मा झाला, वॉल उघडला, पाणी सरळ झाडांना. करंजाला कोंब आलाय."

"आणि सेक्रेटरी काही म्हणाले नाहीत?"

"त्यांना माहीत नाही अजून. भिंतीमागं जातंय कोण?"