तिसरी फीत

आमच्या एनसीसीच्या एअर विंगचे किस्से मी कधी मुद्दाम जमवले नाहीत. पण आम्ही दोघंतिघं कुठल्या लग्नात भेटलो की पंगत उठते, वाढपी आवराआवर करतात, मांडववाला गाद्या गुंडाळायला येतो, तरी आमचं संपत नाही. दर वेळी कुणाला तरी काहीतरी नवीन आठवतं.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. आम्ही कॉलेजात होतो आणि बाहीवर फीत चढवणं एवढंच आयुष्याचं ध्येय होतं. एक फीत म्हणजे लीडिंग कॅडेट, दोन म्हणजे कॉर्पोरल, तीन म्हणजे सार्जंट. तीन फिती असल्या की हवाई दलाच्या भरतीत निदान तोंडाकडे तरी बघतात, असं सगळे म्हणायचे.

आमच्या एअर विंगमध्ये सगळं होतं. फक्त विमान नव्हतं.

*

आमचे प्रमुख देशमाने सर. आठवडाभर वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि शनिवारी गणवेश चढवला की फ्लाइंग ऑफिसर व्हायचे. पहिल्याच परेडला एका नव्या कॅडेटनं विचारलं, "सर, आपण कुठलं विमान उडवता?"

"उडवावं लागत नाही," सर शांतपणे म्हणाले. "ती रँक आहे."

परेड संपल्यावर त्यांनी पँटला क्लिपा लावल्या आणि सायकलवरून घरी गेले.

*

पहिली फीत आवाजावर मिळायची. ज्याचा हुकूम मैदानाच्या पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचेल तो पास. माझा आवाज कसाबसा अर्ध्यापर्यंत गेला. सरांनी दया म्हणून फीत दिली.

मग शिवानंद पुढे आला. हा होटगीचा. घरी कानडी, कॉलेजात मराठी आणि दोन्ही सारख्याच मोठ्यानं. त्यानं छाती भरून "थाऽऽम" म्हटलं. आमची रांग थांबलीच, पण मैदानाबाहेरच्या रस्त्यावरून चाललेला टांगाही थांबला. टांगेवाला चाबूक उगारून दमला. घोडा काही हलेना.

शेवटी तो फाटकाशी येऊन म्हणाला, "साहेब, त्यालाबी चल म्हणा की."

शिवानंदला तिथंच फीत मिळाली.

*

दुसऱ्या फितीसाठी ग्लायडर बनवायचं होतं. हलक्या लाकडाच्या काड्या आणि वर पातळ कागद. आमची ग्लायडरं हातातून सुटली की नाकावर पडायची. आमच्यातल्या श्रीनिवासचं मात्र मैदान ओलांडून गेलं. त्याच्या घरी माग होते. सुताला लावायची खळ त्यानं पंखांवर पातळ फिरवली होती, त्यामुळे कागद ताठ बसला होता.

सर खूश झाले. मग त्यांची नजर श्रीनिवासच्या गणवेशावर गेली. कॉलर मरगळलेली, शर्ट अंगावर लोंबलेला.

"कपड्यांना खळ का नाही?"

"सर, घरात तेवढीच होती. पंखांना लावली."

त्या संध्याकाळी आम्हां दोघांना कॉर्पोरल केलं. मला आणि शिवानंदला. श्रीनिवासच्या नावापुढे सरांनी शेरा लिहिला : 'विमान उत्तम. कॅडेट ढिला.'

*

सार्जंटची जागा एकच होती. लेखी परीक्षेत प्रश्न आला, विमान हवेत कशामुळे टिकतं? मी आकृत्यांसकट दोन पानं लिहिली. दहापैकी सहा.

शिवानंदनं लिहिलं : 'इंजिन आणि पंख. इंजिन बंद पडलं तर पंखांवर थोडा वेळ. पंख गेले तर टिकत नाही.' दहापैकी आठ.

मी तक्रार करायला गेलो. सर म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. शिवाय ते मला समजलं."

पण परेडच्या हजेऱ्या माझ्या जास्त होत्या, आणि सरांची सगळी लिखापढीही मीच करायचो. शेवटी सरांनी माझंच नाव नक्की केलं. हे मला माहीत होतं, कारण शिफारशीचं पत्र मीच लिहून काढलं होतं. फक्त विंग कमांडर साहेब पाहणीला आले की सही व्हायची होती.

*

साहेब छोट्या विमानातून आले. होटगी रोडचा विमानतळ म्हणजे तेव्हा एक धावपट्टी, एक खोली आणि चहूकडे गवत. धावपट्टी मोकळी ठेवायचं काम माझ्याकडे होतं. पण साहेबांची पहिली नजर आपल्यावर पडावी म्हणून मी मानवंदनेच्या रांगेत अगदी पुढे उभा होतो.

विमान खाली यायला लागलं आणि पाच म्हशी सावकाश धावपट्टीवर आल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रांगेतच उभा राहिलो.

तेवढ्यात कुंपणाकडून एक माणूस धावत आला. अंगात रेल्वेचा निळा सदरा, हातात लाल झेंडा, काखेत गुंडाळलेला हिरवा. धावपट्टीच्या तोंडाशी उभा राहून त्यानं झेंडा उंच धरला. विमान घरघरत डोक्यावरून निघून गेलं. मग त्यानं झेंड्याच्या काठीनं म्हशी हाकलल्या, दोन्हीकडे नीट पाहिलं आणि हिरवा झेंडा दाखवला. विमान उतरलं.

साहेब तडक आमच्याकडे आले. "लाल झेंडा कोणी दाखवला?"

तो माणूस पुढे आला. "मी, साहेब. होटगीला पॉइंट्समन हाय. ड्युटी सुटली, तसाच पोराची परेड बघाया आलो. लाइन क्लिअर न्हवती."

"कोण मुलगा?"

"माझे अप्पा आहेत, सर," शिवानंद म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आवाज मला नीट ऐकू आला नाही.

साहेब सरांकडे वळले. "तुमचा सार्जंट कोण ठरलाय?"

सरांच्या वरच्या खिशात माझं पत्र होतं. त्यांनी खिशाचं बटण लावलं आणि म्हणाले, "शिवानंद, सर."

परेड झाली, चहा झाला, साहेब विमानात बसले. आम्ही सॅल्यूट ठोकून उभे राहिलो. पंखा फिरायला लागला, गवत आडवं झालं, पण विमान काही पुढे जाईना. सर कासावीस झाले.

वैमानिक काच सरकवून, मान बाहेर काढून अप्पांकडे बघत होता.

अप्पांनी हातातली कपबशी खाली ठेवली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि हिरवा झेंडा उलगडला.