दहा डॉलरच्या आतली जेवणं

प्राजक्ताने फोन माझ्या हातात दिला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"सगळं ह्यात आहे, ताई. तुम्हीच बघा."

फोनवर एक शीट उघडी होती. तिच्या टीममधल्या सहा जणांनी मिळून बनवलेली. वर नाव होतं, 'दहा डॉलरच्या आत'. त्यांच्या ऑफिसपासून दहा मिनिटांच्या ड्राइव्हवर शहराची एशियन वस्ती आहे. एका रस्त्यावर व्हिएतनामी खाण्याची चौदा दुकानं. दर शुक्रवारी एक नवं दुकान, एक नवं लंच, आणि परत आल्यावर शीटमध्ये शेरा. 'फो नूडल सूप, साडेआठ डॉलर, बेस्ट.' 'कम ताम, नऊ, भात कणीचा पण मस्त.' 'को हाँग, सँडविच सहा, पैसा वसूल.' अकरा दुकानं झाली होती. बारावा शुक्रवार आला नाही.

प्राजक्ता मूळची पुण्याची, अर्विंगला राहायची, सॉफ्टवेअर टेस्टर होती. सातवा महिना चालू होता. चार दिवसांपूर्वी तिचं बाळ पोटातच गेलं होतं.

मी सॅनिटेरियन आहे. आपल्याकडे ज्याला फूड इन्स्पेक्टर म्हणतात ते काम. नागपूरला मायक्रोबायॉलॉजी शिकले, नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले, परीक्षा दिली, आणि आता अठरा वर्षं डॅलसजवळच्या एका शहराच्या हेल्थ डिपार्टमेंटमध्ये आहे. शहराचं नाव लिहीत नाही. प्राजक्ताच्या रक्तात लिस्टेरिया सापडला होता. हा जंतू फ्रिजच्या गारव्यातही वाढतो. धडधाकट माणसाचं तो फारसं बिघडवत नाही. म्हाताऱ्यांना, गरोदर बायकांना आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांना मात्र सोडत नाही. खाल्ल्यावर आजार दिसायला कित्येक आठवडेही लागू शकतात. म्हणून आम्हाला महिनाभराचं खाणं विचारावं लागतं, आणि महिन्यापूर्वीचं दुपारचं जेवण कोणाला आठवतं?

प्राजक्ताकडे यादीच होती. आमच्या धंद्यात अशी यादी मिळणं म्हणजे लॉटरी. हॉस्पिटलमध्ये तिच्या खाटेशी बसून माझ्या मनात हाच विचार आला, हे मी लपवत नाही.

आमचा फॉर्म नऊ पानी आहे. दुकानाचं नाव, तारीख, पदार्थ, आणि मग प्रत्येक पदार्थात काय काय होतं याच्या ओळी. दुकानं आणि तारखा मी शीटवरून उतरवल्या. मग विचारलं, "प्राजक्ता, यातलं तू नेमकं काय काय घेतलं होतंस?"

ती रडायला लागली. "मी पपई नाही खाल्ली, ताई. कच्चं मांस नाही, चीज नाही. सगळं पाळलं मी."

तिच्या सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पुरे करा हो आता. किती विचाराल तिला?"

मी फॉर्म मिटला. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले. पदार्थांच्या ओळी रिकाम्या राहिल्या. खाली मी सही केली.

आणखी दोन पेशंट होते. एक रिटायर्ड नर्स आणि एक डायलिसिसवरचा माणूस. लॅबने तिघांच्या जंतूंचे जेनेटिक ठसे जुळवले. जंतू एकच होता, म्हणजे उगमही एकच. तिघांच्या खाण्यात तोच रस्ता होता, आणि तिघांच्या यादीत एक दुकान कॉमन होतं. को हाँगचं.

माझी बॉस डेब्रा म्हणाली, "त्या बाईच्या सँडविचमध्ये पाटे असतो ना?"

पाटे म्हणजे लिव्हर वाटून केलेला मऊ लेप. व्हिएतनामी सँडविचमध्ये तो लोण्यासारखा फासतात. लिस्टेरियाला असा पदार्थ फार मानवतो.

"असतो," मी म्हणाले. "ती स्वतःच करते."

"मग आणखी काय हवंय? जा."

मी आमच्या इंटरप्रिटरला, थूला, घेऊन गेले. 'को' म्हणजे आत्या, हे मला तिनेच सांगितलं. सगळा रस्ता त्या बाईला हाँगआत्या म्हणायचा. वय सत्तरीचं. दुकान म्हणजे एक काउंटर, चार स्टुलं आणि मागे चिंचोळं किचन. मी गेले तेव्हा बांधकामावरच्या कामगारांची रांग लागली होती. तिने आधी रांग संपवली, मग हात पुसून माझ्यापुढे उभी राहिली.

मी फ्रिजमध्ये थर्मामीटर ठेवला. एक्केचाळीस फॅरेनहाइटच्या खाली हवा, म्हणजे साधारण पाच सेल्सिअस. अठ्ठेचाळीस निघालं. पाटेचा डबा त्यातच होता, वर तारखेची चिठ्ठी नव्हती. दोन्ही चुका खऱ्या होत्या. मी सॅम्पल घेतलं आणि तिला सांगितलं की दुकान बंद करावं लागेल.

हाँगआत्या थूशी बराच वेळ बोलली. आवाज चढला नाही.

थू म्हणाली, "त्या म्हणतात, फ्रिज बिघडलाय, मान्य आहे, आजच दुरुस्त करते. पण आजारी माणसं माझी नाहीत. हा पाटे माझा नवरा रोज खातो, आणि त्याला कॅन्सरचं औषध चालू आहे."

"लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत थांबावं लागेल, असं सांग."

थूने सांगितलं. हाँगआत्याने मान हलवली आणि मला एक प्रश्न विचारला. थू जरा घुटमळली.

"त्या विचारताहेत, तीनही लोकांनी पाटेच खाल्ला होता का?"

"हो," मी म्हणाले.

दोघांचं मला माहीत होतं. प्राजक्ताच्या ओळीत मी काहीच लिहिलेलं नव्हतं.

दुपारी एका लोकल वेबसाइटने दारावरच्या आमच्या नोटिसचा फोटो छापला. खाली लिहिलं होतं, बाळाच्या मृत्यूशी संबंध असलेलं दुकान. आमच्या नोटिसमध्ये फक्त फ्रिजचं तापमान होतं. पण नोटिस कोण वाचतं? दोन दिवसांत कोणीतरी शटरवर काळ्या रंगाने शिवी लिहिली.

पाटेचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्यात लिस्टेरिया नव्हता.

"ह्याने काही सिद्ध होत नाही," डेब्रा म्हणाली. "तेव्हाचा पाटे केव्हाच संपला. हा नवा असेल."

तिचं म्हणणं चूक नव्हतं. मी डेस्कवर आले आणि तिन्ही फॉर्म पुन्हा समोर घेतले. प्राजक्ताच्या पदार्थांच्या ओळी कोऱ्या होत्या. मी तिला फोन लावला. ती तेव्हा घरी आली होती.

"हाँगच्या दुकानात तू काय घेतलं होतंस?"

"टोफूचं सँडविच. लिव्हर मी खात नाही, ताई. वासच सहन होत नाही मला."



"त्यात काय काय होतं? आठव जरा."

"टोफू, गाजर, काकडी, मोड आलेले मूग. त्यांनी मूठभर जास्त घातले होते. माझं पोट बघून हसल्या होत्या."

"आणि बाकीच्या दुकानांत?"

"व्हेज फो. भात. त्याच्यासोबत मोडांची प्लेट येते ना, कच्ची? बाकीचे कोणी खायचे नाहीत. मी सगळ्यांच्या प्लेट्स संपवायचे. सासूबाई म्हणायच्या, मोड खात जा, बाळाला ताकद येते."

"मोडच होते का, ताई?" तिने विचारलं.

मोड उबेत आणि ओलाव्यात वाढतात. जंतूही तसेच वाढतात. मोड शिजवले तर जंतू मरतात. गरम सुपात बुडवले तरी ते पुरेसे शिजत नाहीत, आणि ती तर कोरेच खायची.

तासाभरात मी त्या रस्त्यावर होते. पहिल्या दुकानात फो मागवला. वाडग्याच्या आधी मोडांची प्लेट आली. मी ती पिशवीत ओतली, सील केली, लेबल लावलं. दुसऱ्या दुकानात भात मागवला आणि तेच केलं. हाँगआत्याचं बंदच होतं, बाकीची दहाही दुकानं फिरले. जेवणं समोर येत होती, वाफ निघत होती, एक घास खाल्ला नाही. प्रत्येक मालकाला विचारलं की मोड कुठून घेता. दहापैकी आठ जणांकडून एकच उत्तर आलं. शहराबाहेरच्या एका शेडमधला माणूस रोज सकाळी पोती टाकून जायचा. थूने फोन करून विचारलं, हाँगआत्याही त्याच्याकडूनच घ्यायची. नर्स आणि डायलिसिसवाला सुपात तेच घालून खायचे, हे त्यांना फोन केल्यावर दोन मिनिटांत कळलं.

पोत्यांतल्या मोडांमध्ये लिस्टेरिया सापडला. ठसा जुळला. शेड बंद झाली, माल परत मागवला, आणि केस सुटली म्हणून डेब्राने मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं.

त्याच आठवड्यात चौथ्या पेशंटचा रिपोर्ट आला. ऐंशी वर्षांचे व्हिएतनामी गृहस्थ. रोज दुपारी त्याच रस्त्यावर फो खायचे. ते वाचले नाहीत. मी चुकीचं दार बंद करून रिपोर्टची वाट पाहत होते, त्या आठ दिवसांत पोती रोज येतच होती. त्यांनी नेमक्या कोणत्या दिवशी खाल्लेले मोड बाधले हे कोणालाच सांगता येणार नाही. त्या शंकेचा फायदा मी स्वतःला देत नाही.

हाँगआत्याला दुकान उघडायची परवानगी घेऊन मी स्वतः गेले. थू सोबत होती. फ्रिज दुरुस्त झाला होता, आत काहीच नव्हतं. हे दुकान निर्दोष होतं ही बातमी वेबसाइटने छापली नव्हती. पुढे हाँगआत्या दुकान उघडून तीन दिवस बसली, रोज पावाच्या टोपल्या तशाच परत नेल्या, आणि मग बंद केलं. परवानगी दिली त्या दिवशी निघताना मी तिची माफी मागितली. थूने भाषांतर केलं. तिने ते ऐकलं आणि काउंटर पुसत राहिली. 

प्राजक्ताला निकाल कळवणं माझंच काम होतं. मराठीत सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. मी तिच्या घरी गेले. सासूबाईंनी पाणी आणून दिलं आणि त्या समोर बसल्या. त्यांच्यासमोर मोड हा शब्द कसा काढावा, मला कळेना. मी म्हणाले की एका सप्लायरच्या भाजीत जंतू होता.

"कोणत्या भाजीत?" सासूबाईंनी विचारलं.

प्राजक्ताने माझ्याकडे पाहिलं. तिला फोनवरच कळलं होतं.

"कोथिंबिरीत, आई," ती म्हणाली.

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि उठले. दारापर्यंत सोडायला आल्यावर तिने हळूच विचारलं, "तुम्ही मला हॉस्पिटलमध्येच विचारलं असतं, तर तो चौथा माणूस वाचला असता?" त्याच्या मृत्यूची बातमी तिने पेपरात वाचली होती.

"कदाचित," मी म्हणाले.

"मग विचारायचं होतंत, ताई. मी सांगितलं असतं."

आता डिपार्टमेंटमध्ये नव्या लोकांना इंटरव्ह्यू घ्यायला मी शिकवते. समोरचा माणूस रडत असेल तर थांबा, पाणी द्या, हवं तर दुसऱ्या दिवशी परत जा. पण ओळ रिकामी असेल तर सही करू नका.