घर आपलं झालं त्या दुपारी

मेनूकार्ड उघडलं की माझा नवरा सुहास आधी उजवीकडच्या किमती वाचतो. आज दुपारीही त्याचं बोट तिथूनच खाली सरकत गेलं, आणि तो म्हणाला, "दोन चहाच सांगू ना?"

आम्ही नुकतेच बँकेतून बाहेर पडलो होतो. गृहकर्ज मुदतीच्या कितीतरी आधी फिटलं होतं. बँकेतल्या बाईंनी हसून अभिनंदन केलं, कागदपत्रं हातात दिली. आनंद व्हायला हवा होता. मला मात्र नुसतं बसावंसं वाटत होतं.

बोनस आला की तो कर्जात जायचा, भिशी लागली की तीही कर्जात. सोफा पुढच्या दिवाळीला, कोकणात पुढच्या मे महिन्यात, असं म्हणता म्हणता आमची मुक्ता शिकून नोकरीला बंगळूरला गेलीसुद्धा. जिच्या खोलीसाठी एवढं मोठं घर घेतलं, ती आता पाहुणी म्हणून येते. घर लवकर आपलं करायच्या घाईत त्या घरात निवांत बसायचं राहूनच गेलं.

मी मुक्ताला फोन लावला. "फिटलं गं सगळं."

ती म्हणाली, "आई, आता बाबा रविवारच्या शिकवण्या बंद करतील ना?"

सुहासला ते ऐकू गेलं. "करतो म्हणावं," तो हळूच म्हणाला, आणि खुर्चीला पाठ टेकून त्यानं डोळे मिटले.

चहा आला. मी त्याला उठवलं नाही.