आखूड शेपटी

माझा मित्र धोंडीबा याला त्याच्या प्राध्यापकानं फसवलं. महिन्यापूर्वी धोंडीबा त्याच्या गावी, भाज्याला वारला, म्हणून हे लिहितो आहे. तो असता तर त्यानं लिहू दिलं नसतं.

पुण्याच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळेचा शिपाई होता. शनिवारी गावी येताना मळवलीच्या स्टेशनावर न उतरता पुढं लोणावळ्याच्या माझ्या मासळीच्या दुकानावर यायचा. डोक्यावर पाटी घेऊन मी धंदा उभा केला, फुकट काही देत नाही. त्याला घोळ माशाची आतडी हवी होती. म्हटलं, "मासा घे, मग आतडी." तर म्हणतो, "मासा तुमी खावा आबा, मला त्यातलं किडं पायजेत." म्हटलं, "मग ते किडे मला दाखवायचे." सौदा ठरला... कॉलेजनं टाकून दिलेल्या त्याच्या सूक्ष्मदर्शकातून मी पानासारखा चपटा पर्णकृमी पाहिला.

तिसऱ्यांच्या शिंपल्यातली दोन शेपट्यांची अळी, मांदेलीच्या मांसातली बारीक गाठ आणि घोळीच्या आतड्यातला हा कृमी, हे तीन वेगळे जीव असं कॉलेजात धरून चालत. धोंडीबानं चार वर्षं चित्रं काढली, गाठी फोडल्या, तोंडाशी तोंड ताडून पाहिलं आणि ठरवलं, जीव एकच. "पोर, तरणा आन् म्हातारा. कापडं बदलली की मानसं वळखत न्हाईत, तसं हाय."

एका खेपेला मी तिसऱ्यांवर मीठ घातलेला बर्फ टाकला. अळीची एक शेपटी झडून अर्धी उरली आणि त्यानं चित्रात ती आखूडच काढली. पुढच्या खेपेला ताजी अळी पाहून म्हणाला, "तुमच्या बर्फानं शेपूट खाल्लं की वो!" मी उलट त्याच्यावरच ओरडलो. तोवर प्राध्यापकांनी त्याची चित्रांची वही तपासायला नेली होती. ती परत आली नाही.

मग पुस्तक निघालं, प्राध्यापकांच्या एकट्याच्या नावानं. त्यात ती आखूड शेपटी जशीच्या तशी! तसली अळी समुद्रात नाही. ती माझ्या बर्फात झाली. "जाऊ द्या आबा, नोकरी हाय," धोंडीबा म्हणाला आणि मी गप्प बसलो... शेवटच्या भेटीत अंथरुणावरून त्यानं विचारलं, "दुसऱ्या टायमाला छापलं म्हनं. माजं नाव आलं का?" मी म्हणालो, "आलं." आयुष्यात खूप खोटं बोललो, पण असं जड कुठलंच गेलं नाही.

प्राध्यापकसाहेब, सुटीत तुमच्या खंडाळ्याच्या बंगल्यावर मासळी माझ्याकडूनच जाते. यंदा गड्याला पाठवू नका, स्वतः या. ती अळी तुम्ही कुठल्या शिंपल्यात पाहिलीत, ते भर बाजारात सांगा. सांगता येत नसेल तर भाज्याला चला आणि धोंडीबाची वही कुठं आहे, ते त्याच्या बायकोला तोंडानं सांगा.