मोडवालीचे डबे

आमच्या गल्लीत तिला सगळे मोडवाली म्हणायचे. मूग, हरभरे भिजवून, त्यांना बोटभर मोड आणून ती घरोघर डबे पोचवायची. एक नवखा पोस्टमन नोट पुढे करून "मोड आहे का?" विचारायला आला, तेव्हा तिने त्याच्या ओंजळीत मूग ओतले होते. हा किस्सा तिचा शिंपी नवरा मशीन थांबवून रंगवून सांगायचा.

तिच्या मागच्या खोलीत स्टीलची ताटं फळ्यांवर ओळीने मांडलेली असत. वर पांढरी ओली फडकी. ती फडकी रोज उकळायची. पाणीसुद्धा उकळून गार केलेलं. केस बांधलेले, नखं मुळापर्यंत कापलेली. "हिचं चाललं तर ही साबणालाही धुऊन घेईल," नवरा म्हणायचा. कोणाच्या घरी आजारपण आलं की लोक हमखास तिच्याकडून डबा मागवायचे, इतका तिच्या हातावर भरवसा.

मग नवऱ्यालाच रक्ताचा कॅन्सर झाला. उपचारांनी तो वाचला, पण पार पोखरून निघाला. घरी आला तेव्हा तोंडाची चव गेलेली. भात नको, भाकरी नको. लिंबू पिळलेले कच्चे मोड मात्र दोन घास जायचे. दवाखान्यातून निघताना डॉक्टरीणबाईंनी कच्चं काही देऊ नका म्हणून सांगितलं होतं. ते तिने बाहेरच्या खाण्याबद्दल आहे असं धरलं. घरचं, स्वतःच्या डोळ्यांदेखत वाढलेलं, त्याला कच्चं कोण म्हणणार? ती त्याला चमच्याने भरवत राहिली.

एका सकाळी डबे वाटून ती परतली, तर तो तापाने फणफणलेला. जुलाब थांबेनात. दिराच्या मदतीने तिने त्याला दवाखान्यात नेलं. आमच्याच गल्लीतले दोघं तिथे आधीच पोटाच्या तक्रारीने भरती झालेले. डॉक्टरीणबाईंनी तिघांच्या जेवणाची चौकशी केली आणि तिला बाजूला घेतलं. दाण्याच्या सालाला बारीक भेगा असतात, त्यात जंतू दडून बसतात, असं त्यांनी समजावलं. ज्या उबेत आणि ओलाव्यात मोड येतात, त्यातच तेही वाढतात. वरून कितीही धुवा, आतपर्यंत पाणी पोचत नाही. नीट शिजवलं तरच ते मरतात. तपासणीचा निकाल यायचा होता, पण संशय मोडांवरच होता.

ती भिंतीला टेकली. सकाळचे डबे घराघरांत पोचले होते.

नवऱ्याने खाटेवरून सगळं ऐकलं होतं. "जा," तो म्हणाला. "फोनवर तुझं कोणी खरं मानणार नाही. दारात जा."

दिराला ते पटलं नाही. "वहिनी, दादाला असं टाकून निघालात?" त्याने विचारलं. तिने घरून दोन रिकाम्या पिशव्या घेतल्या आणि गल्लीतलं पहिलं दार वाजवलं.

आणि झालंही नवरा म्हणाला तसंच. लोक हसायला लागले. तुमच्याकडचं आणि खराब? तुमच्या घरात फरशीवर जेवावं! कोणी म्हणालं, नवऱ्याच्या काळजीने बिचारीचं डोकं फिरलंय, जरा बसा, चहा घ्या. ती हात जोडत होती, डबे मागत होती. इतकी वर्षं कमावलेलं नावच तिच्या आडवं येत होतं. निवृत्त मास्तरीणबाई तर वाटी घेऊन बसल्याच होत्या.

"अहो, मी पुन्हा दोनदा धुतलेत," त्या म्हणाल्या आणि चमचा तोंडाकडे नेला.

तिने झडप घालून वाटी हिसकावली. वाटी फुटली, मूग फरशीभर झाले. "बाई, धुऊन जात नाही ते," ती म्हणाली. "मी जन्मभर धुतलं."

कोपऱ्यावरच्या घरातल्या गरोदर सुनेने मोड आधीच खाल्ले होते. ताप आला तर क्षणभर थांबू नका, असं मोडवाली उंबऱ्याबाहेरून सांगत होती. सासूने तिला नाही नाही ते सुनावलं. तिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, आणि मग तेच पुन्हा सांगितलं.

आमच्या दारात आली तेव्हा दोन्ही पिशव्या भरलेल्या होत्या. आईने पाण्याचा पेला पुढे केला, तर तिने हात मागे घेतले. स्वतःच्या हातांनी आमच्या पेल्याला शिवायची तिला भीती वाटत होती.

गोळा केलेल्या सगळ्याचा तिने उकळून लगदा केला, तो फेकला आणि ती दवाखान्यात धावली. नवऱ्याला श्वास पुरत नव्हता.

"मीच भरवलं तुम्हाला," ती म्हणाली.

"तू भरवलंस म्हणून गेलं घशाखाली," तो म्हणाला. "नाहीतर तोंडाला चव होती कुठे?"

त्याला तिची समजूत घालायची होती. तिला मात्र ते ऐकवेना. दुसऱ्या दिवशी तो गेला.

दिवसकार्य उरकतंय तोवर अन्न तपासणी खात्याच्या बाई आल्या. ताटं, फडकी, नळ, तिची बोटं, सगळ्यांचे नमुने घेतले. सगळं स्वच्छ निघालं. जंतू सापडले ते त्याच खेपेच्या न उघडलेल्या पोत्यातल्या मुगात. कुठल्या शेतात, कुठल्या गोदामात ते शिरले, याचा शोध पुढे लागलाच नाही. तुमची काही चूक नाही, असं बाईंनी तिला फार मायेने सांगितलं.

नवरा गेल्यावर न रडलेली ती तेव्हा ओक्साबोक्शी रडली. "काहीतरी घाण सापडू द्या हो माझ्या घरात," ती म्हणत होती. घाण असती तर ती काढता आली असती. आता ती पुसणार काय होती?

भरती झालेले दोघंही बरे झाले. कोपऱ्यावरच्या सुनेला काहीच झालं नाही, तिची मुलगी आता रांगते. तरी ते घर हिला पाहिलं की दार लोटून घेतं. बाकीचे मात्र अजून विचारतात, पुन्हा कधी सुरू करताय? ती नकाराची मान हलवते. ताटं तिने भंगारात दिली. आता ती दवाखान्याच्या धुलाईखान्यात जाते, वाफाळत्या पाण्यातून चादरी काढते.

परवा आई तिच्याकडे दोन कोवळ्या काकड्या घेऊन गेली होती. तिने त्या घेतल्या, धुतल्या, चिरल्या. मग पातेल्यात पाणी ठेवलं, गॅस पेटवला आणि फोडी त्यात सोडल्या. पार गळेपर्यंत उकळल्यावर ताटलीत काढून ती खायला बसली. आई शेजारी बसून राहिली.