दोन घागरी पाणी

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा डॉक्टर पंचशीला सोनकांबळेला वाटलं, आता निलंग्यालाही दिवस येतील. सरकारी नोकरीला लाथ मारून तिनं बसस्टँडच्या मागं सहा खाटांचं प्रसूतिगृह काढलं. वडील नरसिंगराव रिटायर पोस्टमन. खाटा, भांडी, स्टोव्ह त्यांनी हिंडून हिंडून जमवलं. मग वर्षभर बापलेक दाराकडं डोळे लावून बसले. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या, आपल्याच वस्तीतल्या बायका तेवढ्या यायच्या. गावातलं एक घर फिरकंना. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, तोंडानं कुणी बोलत नव्हतं. गोड बोलण्यात निलंग्याचा हात कोण धरणार!

पुढं दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, टँकर आठवड्यातून एकदा. पाण्याशिवाय बाळंतपण करायचं कसं? पंचशीलानं दारावर पाटी लावली: पेशंटने दोन घागरी पाणी सोबत आणावे.

आणि नवल घडलं. गावातल्या बायका यायला लागल्या. घागर घेऊन सासू, डबा घेऊन नणंद. सहाच्या सहा खाटा भरल्या, व्हरांड्यात गाद्या पडल्या. नरसिंगराव गावभर सांगत सुटले, "माझ्या लेकीच्या हाताला गुण हाय." पंचशीलालाही तसंच वाटलं. येडी पोर, दुसरं काय वाटणार?

दोन वर्षांनी पाऊस बरा झाला, अंगणातल्या बोअरला पाणी आलं. तिनं हौसेनं पाटी काढून टाकली. घागरी मात्र येतच राहिल्या. सवय पडली असेल, ती म्हणाली.

एका दुपारी केवळाबाईची सून चांगुणा बाळंत झाली. चांगल्या जमीनजुमल्याचं घर. रक्त बरंच गेलं होतं. सलाईन चालू होतं तरी चांगुणाच्या तोंडाला कोरड पडली, आणि घरची घागर संपलेली. तिनं पाणी मागितलं. पंचशीलानं उकळून कोमट केलेलं बोअरचं पाणी पेल्यात ओतलं.

केवळाबाईनं पेल्यावर तळहात ठेवला. आवाज अगदी मायेचा. "ऱ्हाऊ द्या, बाई. पोरगं पाहुण्याकडून घागर आणायला गेलंय. तुमचा हात लई चांगला हाय, पण पाणी आमच्यात चालत न्हाई."

तेव्हा कुठं पंचशीलाच्या डोक्यात उजेड पडला. हिच्या हातानं पोटातलं मूल काढलेलं चालतं, पाणी चालत नाही. वा रे वा!

चांगुणा ओठ चाटत होती. पोरगं येईना. हा पेला पाजला की हॉस्पिटल गेलं, हे पंचशीलाला पक्कं कळत होतं. तिनं केवळाबाईचा हात बाजूला सारला, चांगुणाचं डोकं उचललं आणि पाणी पाजलं. पोरीनं घटाघटा पिऊन अजून मागितलं.

महिन्याभरात खाटा रिकाम्या झाल्या. भांडण नाही, शिवी नाही. रस्त्यात भेटले की लोक हसून ख्यालीखुशाली विचारायचे, आणि लेकीसुनांना लातूरला न्यायचे.

"पंचू, ती पाटी परत लाव," नरसिंगराव एक दिवस खाली बघत म्हणाले. "बोअर आटला म्हणून सांगू. लोक येतील."



"हॉस्पिटल मी चालवतेय असं वाटत होतं, बाबा," ती म्हणाली. "ते दुष्काळ चालवत होता."